फेऱ्याचा कोंबडा

हिशेबानं बघितलं तर एवढ्या खटाटोपातून भागूबाईच्या पदरात एक कोंबडा पडणार होता. तोसुद्धा नुसता पडणार नव्हता. आपला द्यायचा, मग दुसऱ्याचा घ्यायचा.

"म्हंजे आवक एक, जावक एक," भिमाजी म्हणाले. कॅम्पातल्या भांडारात उभी नोकरी माल मोजण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर मोजायला बायकोशिवाय काही उरलं नव्हतं. "शिल्लक शून्य. त्यासाठी घोडेगावपातुर हाडं खिळखिळी करायची? भिंगारच्या बाजारात कोंबडे मिळत न्हाईत का?"

"मिळत्यात की. भावाच्या हातचा मिळत न्हाई."

भिमाजींनी टोपलीच्या कडेची सुतळी ओढून बघितली, बांधणी पक्की आहे असं ठरवलं आणि पेपर उघडला.

वडील गेल्यावर भागूबाईनं जमिनीवरचा हक्क सोडला, त्या दिवशी कचेरीतल्या कारकुनानं सहज विचारलं होतं, बाई, मग तुम्हाला काय राहिलं? "फेऱ्याचा कोंबडा," ती म्हणाली होती. सगळे हसले. दोघे भाऊ हसले, तीही हसली. पण तिनं ते हसण्यासारखं म्हटलंच नव्हतं.

फेरा असा होता. थोरल्या सहादेवाचा कोंबडा धाकट्या बिभीषणाकडे जायचा, बिभीषणाचा बहिणीकडे भिंगारला, आणि बहिणीचा परत थोरल्याकडे. कोंबड्या जागच्या हलायच्या नाहीत, नर तेवढे हलायचे. चंपाषष्ठी झाली की दुसऱ्या दिवशी तिन्ही टोपल्या एकदमच निघाल्या पाहिजेत. एक अडली की तिन्ही अडल्या. बापाची गाठ लेकीशी पडू नये, एवढंच त्यातलं शास्त्र. आणि नेम एक: घरातला सगळ्यात देखणा नर बाहेर द्यायचा. डावे-उजवे राहतील ते कालवणात. जात दोन्ही कामाची होती, अंड्याला अंडं, रश्श्याला रस्सा. त्यामुळं डाव्याउजव्यांचं कधी वाईट वाटायचं नाही.

पणजोबा नगरच्या गोऱ्यांच्या कॅम्पात दूध घालायचे. पहिल्या मोठ्या लढाईत इंग्रजानं तिथं जर्मन माणसं कोंडली होती. त्यातल्या एकानं तारेआड कोंबड्या पाळल्या आणि जाताना त्या दूधवाल्याच्या टोपलीत घातल्या, असं घरात सांगतात. ऐकणाऱ्यानं किती धरायचं ते ज्यानं त्यानं बघावं. कोंबडी मात्र खोटी नव्हती. अंग हळदीचं, मान आणि शेपूट काजळाची, पाय पाटीच्या रंगाचे. सहादेवाची सून रुपाली हिनं मोबाईलवर हुबेहूब तसला पक्षी शोधून काढला होता. 'फोरवेर्क' असं त्याचं नाव. "आडनाव असंल," सहादेव म्हणाला होता, आणि घरात ती जर्मन ती जर्मनच राहिली.

फेरा तुटून बरीच वर्षं झाली. तोवर दरसाल बिभीषण झाकली टोपली घेऊन भिंगारला यायचा, भागूबाईच्या बाजेवर बसायचा, चहा प्यायचा, कुणाची म्हैस व्याली आणि कुणाची सोयरीक मोडली ते सांगायचा, दुपारची झोप काढून जायचा. हेच तिचं माहेर. आता भाऊबीजेला फोन येतो. फोनला गवताचा वास नसतो.

जीपमध्ये शिंगणापूरची माणसं भरलेली होती. टोपली मांडीवर, टोपलीवर धुतलेलं फडकं. एका पोरसवदा भाविकानं फडक्याखालून आलेला आवाज ओळखला.

"मावशी, शनीला कोंबडा चालतो का?"

"न्हाई बाबा. त्याला तेल लागतं. ह्यो माझ्या भावाला लागतो."

"गावरान हाय का?"

"जर्मन हाय."

"जर्मनचं पातेलं ऐकलं हुतं," कुणीतरी मागून म्हणालं, आणि जीप हसली. भागूबाईही हसली आणि हसता हसता तिचा डोळा लागला.

टोपलीची ऊब मांडीतून वर चढत होती. तिला वाटलं, टोपलीत आपणच आहोत. वरून फडकं घातलेलं, फडक्यातून गाळून आलेला उजेड हळदीसारखा. वडील टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेत आणि त्यांच्या पावलांनी जग हलतंय. कुठल्या घरी नेतायत ते कळत नाही. थोरल्याच्या, धाकट्याच्या, की कुठल्याच नाही? ती विचारते, आबा, कुटं? आणि आबा म्हणतात, म्होरल्या घरी. एवढंच. घोडेगावचा थांबा आला तेव्हा तिनं फडक्यात बोट घालून बघितलं. कोंबडा शांत बसला होता, मान आत घेऊन, जणू त्यालाही तेच स्वप्न पडत होतं.

सहादेवाच्या वस्तीवर पहिल्यांदा तिला ऐकू आली ती शांतता. या दिवसांत या अंगणात पिलांचा चिवचिवाट मावू नये. आता चार-सहा जर्मन कोंबड्या लिंबाखाली आपल्याच सावल्या टोचत हिंडत होत्या. त्यांच्यामधून तो हिंडत होता, सहादेवाचा घरचा नर: उंच, भरदार, अंगावर चाळलेल्या हळदीचा रंग.

"आलीस?" सहादेव बाजेवरून न उठता म्हणाला. "वाळलीस गं भागे."

"तू कुटं हिरवा हायेस."

रुपाली तांब्या घेऊन बाहेर आली. फोन तिनंच केला होता, सासऱ्याच्या चोरून. पाणी देता देता तिनं हलकेच सांगितलं, "आत्या, अंडी बसवते, आत पिलू धरतं, पन निघत न्हाई. मामा म्हनत्यात कोंबडी नीट बसत न्हाई. मी कोंबडी बदलून बघितली. बिचारी हलतसुदिक न्हाई अंड्यावरनं."

"रुपे, मोठ्यानं सांग," सहादेव म्हणाला. "मी भैरा न्हाई."

भागूबाईनं टोपली लिंबाच्या बुंध्याशी ठेवली. "दादा, हा माझा. तुझ्यासाठी आनलाय. पन तुझा इथून निघाल्याबिगर मी फडकं सोडनार न्हाई. बिभीषणाला बोलवते."

"तुझा भाव हाय, तू बोलव. माझं अंगन हाय, मी बसतो."

दोन वस्त्यांच्या मध्ये एक बांध आणि एक पाट, हाक मारली तर ओ यावी एवढंच अंतर. तरी भागूबाईनं फोन केला; हाक मारली असती तर ती सहादेवाच्या अंगणातून गेली असती आणि मग कुणाची हाक यावर वाद झाला असता. थोड्या वेळानं बांधावरून बिभीषण आला. मागून त्याची बायको रतनबाई, डोक्यावर झाकली टोपली, पदराच्या ओच्यात काहीतरी जपून धरलेलं. बिभीषण लिंबाच्या सावलीच्या कडेला थांबला. उन्हात उभा राहिला, पण सावलीत पाय टाकला नाही.

"रुपे, पावन्याला पानी दे," सहादेव म्हणाला.

"आक्का, सांग," बिभीषण म्हणाला, "आमी घरनं पिऊन आलोय."

"रुपे, म्हनावं, ह्या हिरीचं पानी पूर्वी गोड लागायचं."

"आक्का, म्हनावं, पूर्वी मापात मिळायचं."

रुपाली तांब्या घेऊन मध्ये उभी होती. भागूबाईला हसू येत होतं आणि तेच हसू तिच्या छातीत टोचतही होतं. हे भांडण तिला सुरुवातीपासून पाठ होतं. शेवटच्या फेऱ्याला सहादेवाचा कोंबडा बिभीषणाकडे गेला आणि पुढच्या आखाडात तो बिभीषणाच्या पातेल्यात गेला. फेऱ्याचा कोंबडा खाल्ला. असं या घरात कुणी केलं नव्हतं. सहादेवानं बाजारात चारचौघांत विचारलं, का खाल्लास? बिभीषण गप्प राहिला. पुढच्या साली सहादेवानं टोपली भरली नाही. संपलं.

त्या शेवटच्या फेऱ्याला भागूबाई इथंच होती. बिभीषणाच्या टोपलीत काय गेलं ते तिनं पाहिलं होतं: अंगावर काळे शिंतोडे, आणि पायाची मधली बोटं आत वळलेली, वेताच्या मुठीसारखी. गव्हाणीमागं एक डालगं उपडं घातलं होतं, आणि डालग्याच्या फटीतून जे दिसत होतं ते चाळलेल्या हळदीचं होतं. थोरल्यानं उजवा ठेवला आणि डावा दिला. आबा असते तर त्यांनी तसला नर फेऱ्यात पुढं जाऊ दिला नसता, कापला असता. बिभीषणानं आबांसारखंच केलं. फक्त सांगितलं नाही. थोरल्या भावानं माप मारलं हे तोंडानं कसं म्हणायचं? आणि भागूबाईनंही सांगितलं नाही. बोललं तर थोरल्याचं दार जाईल असा तिचा हिशेब होता. न बोलून दोन्ही दारं गेली.

"ऊन उतरायच्या आत अंडी बघू," ती म्हणाली. "मग काय भांडायचं ते भांडा."

भुशाच्या खोलीचं दार पत्र्याचं आणि मावळतीच्या तोंडाचं. आबांनी त्याला खिळ्यानं एक भोक पाडून ठेवलं होतं. दार आतून लावायचं आणि दुपार कलली की त्या भोकातून उन्हाची एक काडी आत यायची. तिच्यापुढं अंडं धरलं की अंड्याच्या आतलं दिसायचं. बॅटरीनंही दिसतं, पण या घरात अंडी उन्हालाच दाखवायची पद्धत.

दार लावलं तशी माणसं नाहीशी झाली. श्वास राहिले. भुशाचा गोडसर वास, त्यातून तरंगणारी उन्हाची काडी, आणि काडीत सावकाश बुडणारे-वर येणारे धुळीचे कण. भागूबाई लहान असताना आबांनी तिला इथंच उचलून धरलं होतं आणि एका अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा दाखवल्या होत्या. जाळ्याच्या मध्ये एक ठिपका लुकलुकत होता. ह्ये काय आबा? पावना हाय, ते म्हणाले होते, वाटेत हाय.

रुपालीनं पहिलं अंडं भोकाशी धरलं. ते आतून पेटलं, शेंदरी. जाळं नव्हतं. कडेनं एक लाल वर्तुळ होतं, बांगडीसारखं.

"गेलं," बिभीषणाचा आवाज म्हणाला. कितीतरी वर्षांत थोरल्याच्या घरात मध्यस्थावाचून उच्चारलेला हा त्याचा पहिला शब्द.

दुसरं अंडं. बांगडी. पुढचंही तसंच.

"ऊन कमी पडतंय," सहादेव म्हणाला.

"ऊन त्येच हाय, मामा."

"ह्ये बघा," रतनबाई हळूच म्हणाली. ओच्यातून तिनं एक अंडं काढलं, आपल्या घरच्या खुडूक कोंबडीखालचं, आणि भोकाशी धरलं. जाळं उमललं. मध्ये ठिपका होता, लुकलुकणारा. क्षणभर पाचही श्वास थांबले आणि खोलीत तेवढा एकच जीव राहिला.

"आमच्यातबी लई निघत न्हाईत," ती घाईनं म्हणाली, जणू तिनं कुणाचा तरी अपमान केला होता. "निम्मी खराबच हुत्यात."

"माझ्यातबी," भागूबाई म्हणाली.

"माझा कोंबडा चांगला हाय," सहादेवाचा आवाज अंधारात आडवा आला. "असा देखना नर पंचक्रोशीत न्हाई."

"देखना हाय," बिभीषण म्हणाला. "म्हनूनच."

त्या एका शब्दात काय होतं ते त्या खोलीत रुपालीखेरीज सगळ्यांना कळलं. देखणा नर घरात ठेवला, त्याला लेकी झाल्या, मग त्या लेकींवर तोच, मग नातींवर त्याचाच लेक. बांगड्या त्यातूनच आल्या होत्या.

"दादा, फेरा चालू कर," भागूबाई म्हणाली. "आज कर. न्हाईतर पुढच्या साली बघायला अंडीबी राहनार न्हाईत, आनि मला यायला कारनबी राहनार न्हाई."

उन्हाची काडी थोडी सरकली.

"करतो," सहादेव म्हणाला. "पन आधी एक सांगा. माझा फेऱ्याचा कोंबडा का खाल्ला? आबांच्या ह्या खोलीत सांगा. मग देतो."

भागूबाईनं पटकन मांडामांड केली. बिभीषणानं खरं सांगितलं तर थोरला स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेसमोर लबाड ठरेल, आणि लबाड ठरलेला माणूस काही देत नाही. बिभीषणानं माफी मागितली तर देईल. पण न केलेल्याची माफी मागून बिभीषण जन्मभर कडू होईल. राहिलो आपण. आपण बोललो तर पहिला प्रश्न येईल, इतकी वर्षं काय झोपली होतीस? तरी बोलायचं असं तिनं ठरवलं. बोलून माहेर जाणार असलं तरी ते उभ्या उभ्या जावं, असं झिजून नको. तिनं श्वास घेतला.

"मी कापला."

आवाज रतनबाईचा होता. अंडं अजून तिनं भोकाशीच धरलेलं होतं. उजेड तिच्या बोटांतून पाझरत होता, बोटं हाडापर्यंत लाल दिसत होती.

"मीच कापला, दादा. घरात पावने आलेले. कुटला आपला, कुटला फेऱ्याचा, मला वळखू आला न्हाई. ह्यांना मागनं कळलं. हे माझ्यापायी गप बसले."

बोलताना तिचा हात हलला. अंडं भोकावरून सरकलं आणि उन्हाची काडी तिच्या गळ्यावर पडली. तिथं तुळशीची माळ होती.

लग्न करून आली तेव्हापासूनची माळ. त्या घरात मटण शिजायचं ते बाहेरच्या चुलीवर, बाप्यांच्या हातानं, वेगळ्या पातेल्यात. रतनबाई त्या वासानंही बांधाकडेला जाऊन बसायची. कोंबड्यांना दाणे टाकायची, आजारी पिलू कुशीत घेऊन बसायची, पण तिनं विळा उचलला असं शेंबड्या पोरालाही पटलं नसतं.

"पन काकी, तुमी तर..." रुपालीनं सुरुवात केली.

अंधारातही तिचा पाय भागूबाईला बरोबर सापडला. जोरात दाबला. रुपाली गप्प झाली, आणि त्या घराची सून खऱ्या अर्थानं तेव्हा झाली.

कोणी हललं नाही. भागूबाईला वाटलं, आपण सगळे एका मोठ्या अंड्यात आहोत आणि बाहेरून कुणीतरी ते उन्हाशी धरून बघतंय, आत काही हलतंय का.

"बाईमानसाला," सहादेव अखेर म्हणाला, आणि घसा खाकरून परत म्हणाला, "बाईमानसाला वळखू येत न्हाई. चालायचंच."

बिभीषणानं काहीतरी बोलायला तोंड उघडल्याचा आवाज आला. मग तोंड मिटल्याचा.

"दार उघड, रुपे," भागूबाई म्हणाली.

बाहेर ऊन अंगावर आलं. सगळे डोळे मिचकावत उभे राहिले, नुकतीच टरफलातून निघालेली पिलं उभी राहतात तसे. रतनबाईनं ते जिवंत अंडं परत ओच्यात घातलं. सहादेव गोठ्यामागं गेला. बराच वेळ आला नाही. कोंबड्यांचा फडफडाट झाला, एक लांब आरडाओरडा, मग शांतता. आला तेव्हा त्याच्या हातात टोपली होती, आणि कपाळावर पिसाचा एक पिवळा तंतू.

आबा करायचे तसं भागूबाईनं टोपलीचं फडकं उचललं आणि आधी पाय बघितले. बोटं सरळ. अंगावर काळा ठिपका नाही. अंगण रिकामं करून त्यानं त्यालाच आणलं होतं, चाळलेल्या हळदीच्या नराला. त्याचे लेक मागं दोन-तीन होते, त्यातला एखादा खपून गेला असता. कुणी तक्रार केली नसती. 'वळखू आला न्हाई' म्हणून रतनबाईनं तशी सोय करून ठेवली होती.

तिनं सहादेवाकडं बघितलं. तो लिंबाकडं बघत होता.

बिभीषण सावलीत आला. टोपली घेतली. त्यानंही पाय बघितले आणि फडकं सावकाश, कडा दाबून, परत घातलं.

"लई चांगला हाय, दादा."

"हाय," सहादेव म्हणाला. "सांभाळ. त्याला सकाळी ज्वारी लागती. मका टाकशील, तर तोंड फिरवतो."

"म्हंजे तुझ्यावर गेलाय."

मग चहा झाला. भागूबाईचा कोंबडा सहादेवाच्या अंगणात सुटला, दोन पावलं गेला, परक्या मातीत एकदा उकरून बघितलं आणि आरवला. कोंबड्यांनी माना वर केल्या. बिभीषणानं आणलेली टोपली भागूबाईकडं आली. बाजेवर दोघे भाऊ बसले होते, मध्ये एका माणसाची जागा मोकळी ठेवून, आणि कुणाची म्हैस व्याली ते बोलत होते. भागूबाईला वाटलं, डोळे मिटले तर हे नाहीसं होईल, म्हणून ती न मिटता बघत राहिली.

रतनबाई तिला जीपच्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. टोपली तिनंच डोक्यावर घेतली. पाटाच्या कडेनं थोडं चालून गेल्यावर तिनं विचारलं.

"वन्सं, एक विचारू? खोटं बोललं तर माळ उतरावी लागती का वो?"

"तू कुटं खाल्लंस?"

"खाल्लं न्हाई. पन कापला म्हनले. तोंडानं तर कापलाच की."

भागूबाईनं वळून बघितलं. गळा मोकळा होता. माळ कधी काढली ते कुणाला कळलं नव्हतं. चहाच्या वेळी असेल. पदराच्या टोकाला एक लहानशी गाठ मारलेली होती.

"एकादशीला नेवाशाला जाते. बुवांकडून परत घालून घ्यायची," रतनबाई म्हणाली. "तवर पान्यावर राहते. ह्यांना सांगू नका. त्यांना वाटंल, त्यांच्यापायी झालं."

"अगं, एकादशीला चार दीस हायेत."

"जातील की."

जीप आली. भागूबाईनं टोपली मांडीवर घेतली, आणि फडक्यातून गवताचा वास वर आला, बिभीषणाच्या घरचा. एवढ्या वर्षांनी. ती मागं टेकली. आता डोळा लागेल असं वाटत होतं, पण लागला नाही. घरी गेल्यावर भिमाजी विचारणार होते, शिल्लक किती? म्हणून ती वाटेतच मांडून बघू लागली.

दादानं एक दिला, एक घेतला. बिभीषणानं एक दिला, एक घेतला. आपण एक दिला, एक घेतला. वर दादाचं नाक राहिलं, बिभीषणाचा अबोला सुटला, आपलं माहेर परत मिळालं. सगळ्यांचं भरून निघालं. आणि फेऱ्यात जिचा कोंबडाच नव्हता, जिला काही यायचंही नव्हतं, ती आत्ता पाटाच्या कडेनं एकटी घराकडे चालली होती, मोकळ्या गळ्यानं, उपाशी.